कानाडोळा

गेल्या आषाढात मी मिशी काढली. बातमी म्हणून ही गोष्ट अगदीच क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. परंतु लोणारसारख्या गावात एखाद्या माणसाची पंचवीस वर्षांची मिशी एका सकाळी नाहीशी होते, तेव्हा ती गोष्ट त्याच्या एकट्याची राहत नाही. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन दोनदा विचारले, "सर, नक्की ना?" आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. त्यामुळे कॉलेजात पाऊल टाकताच दोघे-तिघे सहकारी गंभीर चेहऱ्याने जवळ आले, आणि "केव्हा झालं हो?" म्हणून हळू आवाजात विचारू लागले. माझे वडील त्या वेळी घरी झोपाळ्यावर बसून खणखणीत आवाजात वर्तमानपत्र वाचीत होते! घरची तऱ्हा निराळी. सौभाग्यवतीने दार उघडले आणि क्षणभर "कोण पाहिजे आपल्याला?" असा चेहरा केला. मग म्हणाली, "बरं दिसतं. पण अचानक काय हे?"

अचानक काय ते सांगण्यासाठीच यंदाची ही पाने खर्ची घालणार आहे. नेहमीच्या वाचकांनी गेल्या दिवाळीप्रमाणे प्रवासवर्णनाची अपेक्षा केली असेल, तर त्यांची क्षमा मागतो. यंदाचा प्रवास फार तर वीस फुटांचा आहे. फळ्यापासून दुसऱ्या बाकापर्यंतचा.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो. त्या खोलीवर पत्रा आहे. जुलै महिना, बाहेर मृगापासून थकलेला पाऊस एकदाचा कोसळत होता, आणि पत्र्यावर जणू कोणी हरभरे भाजायला घेतले होते. मी व्याकरण घेत होतो. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उभे करून विचारले, "विभक्ती म्हणजे काय?" मुलगी उठली, आणि नऊ प्रकारच्या भक्ती सांगू लागली! श्रवण, कीर्तन, स्मरण... वर्ग हसला. ती थांबली, इकडेतिकडे पाहिले, आणि वर्ग हसतो आहे असे पाहून आपणही हसली.

ते हसणे मला झोंबले. वर्षभर या मुलीचे मी पाहत होतो. प्रश्न विचारावा तर उत्तर दुसरेच. काही सांगावे तर "हाव सर" म्हणून मान डोलवायची, आणि सांगितलेले करायचे नाही. वही पाहावी तर वाक्यांना प्रत्यय नाहीत. "घरा राहतो", "मुला पुस्तक दिले", "रामा बाण रावण मेला". या बेफिकिरीबद्दल मी तिचे गुण अगदी सढळ हाताने कापीत आलो होतो. त्या दिवशी मी टेबलावर डस्टर आपटला आणि विचारले, "कान घरी ठेवून आलीस का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "हाव सर. घरीच हायेत."

वर्ग पुन्हा हसला. मला हा उद्धटपणाचा कळस वाटला. "वर्गाबाहेर हो," असे म्हणून मी फळ्याकडे वळलो. वळून लिहीत राहिलो. मागे पाहिले तो बाई जागच्या जागी उभीच! शेजारच्या मुलीने तिला दाराकडे बोट दाखवले, तेव्हा कुठे ती वह्या गोळा करून निघाली. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही. त्याच शेजारच्या मुलीने तास संपल्यावर मला जिन्यात गाठून जे सांगितले ते एवढेच होते: "सर, तिचं मशीन खरंच घरी असते. कपाटात."

वाचकहो, मास्तर लोकांना रात्री झोप न लागण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. आम्ही चुकलो तरी फळा पुसता येतो. त्या रात्री मात्र पत्र्यावरचा पाऊस मी शेवटपर्यंत ऐकला.

रविवारी मी तिच्या गावी गेलो. लोणारपासून एस. टी.ने थोड्याच अंतरावरचे गाव. घर शेतकऱ्याचे, अंगणात सोयाबीनच्या पिशव्या, ओसरीवर खाट. वडील शेतावर गेलेले. आईने घोंगडी अंथरली, पाणी दिले, आणि मी काही विचारण्याआधीच आपण होऊन बोलू लागली. पोर चार वर्षांची असताना मोठा ताप आला. ताप उतरला, पण हाक मारली तर पोर वळेना. पुढे शाळेत असताना एका शिबिरात कानामागे लावायचे यंत्र मिळाले. दहावीपर्यंत पोरीने ते लावलेही. मग कॉलेज सुरू झाले, आणि त्याबरोबर घरात स्थळांची बोलणी.

"मशीन हाये ना सर. कपाटात ठेवलं. पोरीच्या जातीले कानात मशीन पाह्यलं तर लोकं काय म्हणतीन? एक स्थळ तं मशीन पाहूनच माघारी गेलं."

"आणि मावशी, यंत्राशिवाय तिला शिकवलेलं कळतं का?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून कळते म्हणते. पण..." बाई थांबली. आतल्या दाराशी मुलगी उभी होती. आईने पदर तोंडाला लावला आणि हसू दाबीत म्हणाली, "तुमच्या मिशा लई मोठ्या हायेत म्हणते."

आता समजली ना मिशीची कथा!

माणसे कानाऐवजी डोळ्यांनी कशी ऐकतात, हे मला पंचवीस वर्षांच्या मराठीच्या व्यासंगाने शिकवले नव्हते. वास्तविक ते शिकवायला हवे होते. आपली वर्णमाला रचणाऱ्या पूर्वजांनी उच्चाराची सगळी ठिकाणे अगदी ओळीने मांडून ठेवली आहेत. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्ध्याचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. घशाकडून बाहेर येत येत शेवटी ओठांवर. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ही पंचवीस व्यंजने म्हणून पाहा. (घरात कोणी नसताना म्हणावीत. मी म्हणत असताना धाकटे चिरंजीव आले, आणि आईला बोलावून आणले.) क, ख, ग, घ यांचा चेहऱ्यावर मागमूस नाही. ट-ठ-ड-ढ तोंडातल्या तोंडात. त-थ-द-ध-न या पाचांची जीभ दातांशी थोडी दिसते, पण पाचांची सारखीच. स्वच्छ दिसतात ते फक्त प, फ, ब, भ, म. आणि तेही एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत! ओठ मिटले, ओठ उघडले, बस्स. पान, मान, भान, बाण हे चार शब्द ओठांवर एकच शब्द आहेत. डॉक्टरने "पोट दुखतं का?" म्हटले काय आणि "बोट दुखतं का?" म्हटले काय, पाहणाऱ्याला प्रश्न तोच. म्हणजे ओठ वाचणारे माणूस वाक्यातला एखादा तुकडा पाहते आणि उरलेले अंदाजाने भरते. विभक्तीतली भक्ती तिने ओठांवर पाहिली. पुढचे बाकी मिशीत गेले.

पुढे मी तिचा श्रवणालेख पाहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी कान तपासतात तेव्हा असा एक आलेख काढून देतात. खर्जाचे स्वर डावीकडे, टिपेचे उजवीकडे, आणि तो तो स्वर किती मोठ्याने वाजवला तेव्हा ऐकू आला त्याची खूण. तिची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते, आपल्या सरोवराच्या काठावरून खाली उतरणाऱ्या पायवाटेसारखी. खर्जाचे थोडे कळते, टिपेचे जवळजवळ नाही. स्वर, म्हणजे आ-ओ-ऊ, हे खर्जातले, जोरकस. आणि स, श, च, त हे टिपेचे, दुबळे. मला एकदम तिची वही आठवली. मराठीची सगळी मदार शेवटच्या अक्षरावर! घरात, घरास, घराचा, घराशी. यांतला त, स, च, श गळला की उरते नुसते "घरा". "तू आलीस" मधला स गेला की "तू आली". मी ज्याला बेफिकिरी समजून तांबड्या शाईने खुणा करीत होतो, ते तिने प्रामाणिकपणे, जसे ऐकले तसे लिहिलेले मराठी होते. माझ्या तांबड्या खुणा ओळीने लावल्या असत्या तर तिचा श्रवणालेखच तयार झाला असता.

यंत्राची गोष्ट निघाली आहे तर थोडा इतिहासही सांगतो, लांबवीत नाही. टेलिफोन काढणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला ऐकू येत नसे, आणि त्याची पत्नी मेबल हीही लहानपणापासून बहिरी. १८७६ साली त्याने टेलिफोनचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या नावाच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, तेव्हा श्रवणयंत्रासाठी तो वापरणाऱ्यांना स्वामित्वधन माफ करण्यात आले, ते बेलच्या स्मरणार्थ. म्हणून ट्रान्झिस्टर बाजारात आला तो रेडिओतून नव्हे, १९५२ साल संपता संपता श्रवणयंत्रातून! आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या खिशातली ती डबी आणि कानापर्यंत गेलेली पांढरी वायर कित्येकांना आठवत असेल. मग यंत्र कानामागे गेले. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण यंत्राइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही.

ज्यांना यंत्रानेही भागत नाही त्यांच्यासाठी कानाच्या आतल्या शंखात तार बसवण्याची शस्त्रक्रिया निघाली. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क या डॉक्टरने १९७८ साली अनेक टोकांची अशी तार बसवली. त्याचे वडील बहिरे होते. शंखाच्या वळणात तार पुढे सरकेना, तेव्हा हा गृहस्थ समुद्रकिनारी सुटीवर गेला असता एका शिंपल्याच्या पोटात गवताची काडी सरकवून पाहत बसला. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ काडी सुळकन आत जाते, हे त्याला तिथे दिसले. मोठमोठ्या प्रयोगशाळांचे कोडे गवताने सोडवले. अर्थात ही शस्त्रक्रिया लहानपणीच, भाषा शिकण्याच्या वयात झाली तर तिचा खरा उपयोग. आपल्या सरकारच्या योजनेतही ती मुख्यतः अगदी लहान मुलांसाठी आहे. आमच्या मुलीचे ते वय कधीच गेले होते.

आपल्याकडे बधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. २०१६ चा कायदा आहे. त्यात दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल कमी ऐकणाऱ्याला "कमी ऐकू येणारा" आणि त्यापुढच्याला "बधिर" म्हटले आहे, आणि उच्च शिक्षणात अपंगांसाठी निदान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेली माणसे पन्नास लाखांवर भरली. हे सारे ठीकच आहे. पण जागा मिळाली म्हणजे बाक मिळाला. बाकापर्यंत आवाज न्यायचा कोणी?

त्या रविवारी आईने कपाटातून लाडवाचा स्टीलचा डबा काढला. त्यात मऊ फडक्यात यंत्र होते. "लाव पाहू," मी म्हटले. ते बोलेना. बॅटरी संपून वर्ष उलटले होते. ही बॅटरी म्हणजे भाताच्या शितांपेक्षा थोडी मोठी चकती. पाठीवर रंगीत कागद चिकटवलेला असतो. तो सोलला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. मग कागद परत चिकटवून उपयोग नाही. कागदाच्या रंगावरून आकार ओळखायचा: पिवळा सर्वांत लहान, मग तपकिरी, नारिंगी, आणि निळा मोठा. तिची नारिंगी. दर आठ-पंधरा दिवसांनी नवी लागते. लोणारला घड्याळजीकडे विचारले, औषधाच्या दुकानात विचारले. कोणी ऐकले नव्हते. गावात मोबाइलच्या कव्हरांनी भिंती भरल्या आहेत, पण ही चकती नाही! शेवटी संभाजीनगरहून येणाऱ्या एका ओळखीच्याकडून दोन पत्ती मागवल्या. श्रवणयंत्रे वाटणाऱ्या सगळ्या भल्या माणसांना माझे एक सांगणे आहे: शिबिराच्या मंडपात फोटो काढताना मुलाच्या हातात यंत्राबरोबर वर्षभराच्या बॅटऱ्याही दिसू द्या.

यंत्र सुरू झाले त्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर धारेवर गेली, असे मला मागाहून कळले. लोणारला येऊन गेलेल्यांना गोमुखाची धार ठाऊक असेल. बारा महिने पडते. सगळ्या म्हणाल्या, चल आता. ही हलेना. पाणी अंगावर उडू नये म्हणून यंत्रावर ओढणी धरून अर्धा तास तिथे बसून राहिली.

वर्गात मात्र यंत्राने निराशा केली. तिने दुसऱ्याच दिवशी ते काढून दप्तरात टाकले. मी जरा रागावलो. तेव्हा ती म्हणाली, "सर, मशीन सगळंच मोठं करते. पंखा मोठा, बाक मोठा, पत्रा मोठा. तुमी तेवढेच लहान राहता."

हे ऐकून मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याकडे गेलो. त्यांनी फळ्यावर मला धडाच दिला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मी एका मीटरवर साधारण साठ-पासष्ट डेसिबलने बोलतो. चार मीटरवर बारा उतरले. पंखा मात्र तिच्या डोक्यावरच आहे, तो उतरत नाही. त्यात उघड्या भिंती, फरशी, पत्रा. माझा एक शब्द भिंतींवर आपटून पुढच्या शब्दावर येऊन बसतो. निकोप कानाचा मेंदू या गलक्यातून हवे ते निवडतो. तिला निवडता यावे म्हणून माझा आवाज गोंगाटापेक्षा निदान पंधरा डेसिबल वर हवा. ओरडून हे होत नाही. ओरडले की ओठ वाकडे होतात आणि वाचताही येत नाहीत.

मग आम्ही उद्योगाला लागलो. सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबा आणल्या, त्यांचे तुकडे कापून बाकांच्या पायांत बूट घातले. परदेशात टेनिसचे जुने चेंडू चिरून खुर्च्यांच्या पायांना घालतात म्हणे. आमच्याकडे टेनिस नाही, सायकली आहेत. करकर निम्म्याने गेली. खडखडणारा पंखा बदलला. वर्ग खालच्या मजल्यावर, सिमेंटच्या छताच्या खोलीत आणला. तिला पुढच्या बाकावर, पण जरा कडेला बसवले; अगदी समोर बसले की मागच्यांचे बोलणे दिसत नाही. आणि मी फळ्याशी बोलणे सोडले. हे सर्वांत अवघड गेले. वीस वर्षे मी अर्धे व्याख्यान भिंतीला देत आलो होतो.

खरी बाब पुढेच होती. पुण्याला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक वापरलेला संच पाठवून दिला. नवा घ्यायचा तर किंमत ऐकून आमच्यासारख्या पगारदारालाही खाली बसावे लागते. शिक्षकाच्या सदऱ्याला बोटभर माईक. तिच्या गळ्यात तारेचा एक गोफ आणि त्याला जोडलेली डबी. माझा शब्द ओठांपासून वीतभरावरच पकडला जातो, बिनतारी लहरींवर तिच्या डबीत जातो, गोफाभोवती चुंबकीय क्षेत्र उठवतो, आणि यंत्रातले छोटेसे वेटोळे ते पकडते. यंत्रावरचे बटण त्या खुणेवर सरकवले की पंखा, पत्रा, बाक सगळे बाहेर राहतात. वर्गाचे अंतरच नाहीसे होते. मोठ्या शहरांत काही सभागृहांच्या जमिनीतून अशीच तार फिरवलेली असते, मग गोफही लागत नाही. आमच्या गावाला चुंबकाचे कौतुक नवे नाही. मोठ्या मारुतीची शिळा चुंबकीय आहे असे इथे पूर्वापार सांगतात. तिच्या आईला गोफ फार पसंत पडला. ओढणीखाली दिसत नाही!

मुलांच्या प्रश्नांचे काय? माईक माझ्याकडे, बोलणार मागच्या बाकावरचा. यावर वर्गानेच युक्ती काढली: विचारणाऱ्याने माईक हातात घ्यायचा. परिणाम असा झाला, की माईक हाती आला म्हणून आजवर तोंड न उघडणारी मुलेही प्रश्न विचारू लागली.

मोबाइलवर बोललेले लिहून दाखवण्याची जी सोय २०१९ पासून निघाली आहे, तिचाही प्रयोग केला. मराठी तिला बऱ्यापैकी येते. पण प्राध्यापकी मराठी आणि वऱ्हाडी या दोन्हींशी तिचे जमत नाही. लीळाचरित्रात लोणारचा उल्लेख आहे, चक्रधरस्वामी इथे येऊन गेले, असे मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो. फोनने "लिली चरित्र" लिहिले. महानुभावांचे "महान भाव" केले. आणि विभक्ती म्हटले की न चुकता "विरक्ती"! मागच्या बाकावरून कोणी "मले समजलं नाई" म्हणाला तर "मळे समजले नाही". पहिले काही दिवस वर्गात इतके हसे झाले, की मी तो बंद करणार होतो. पण हसत होती ती सगळ्यांत जास्त तीच. पहिल्यांदाच सगळे कशाला हसतात ते तिला दिसत होते. चुकीचे लिहिलेले दुरुस्त करून ठेवण्याची जबाबदारी तिने आपल्याकडे घेतली, आणि त्या दुरुस्त्यांतून तिचे प्रत्यय सुधारले. माझ्या तांबड्या शाईने ते झाले नव्हते.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्या घरांत पोराला चष्मा लागला की आपण "अभ्यास फार करतो" म्हणून कौतुकाने सांगतो. त्याच घरात आजोबा दूरदर्शनचा आवाज भिंती हादरेपर्यंत वाढवतात, आणि यंत्राचे नाव काढले की म्हणतात, "मी काय बहिरा आहे?" पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतले हे चित्र आणि सोयाबीनच्या पिशव्यांमागचा तो लाडवाचा डबा यांत मला फारसा फरक दिसत नाही. स्थळ माघारी गेल्याचे दुःख त्या आईला खरोखरच सोसावे लागले होते. तिला मी काय म्हणून बोल लावू?

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे.

भाद्रपदात एके दिवशी तास संपवून मी चहाला स्टाफरूममध्ये गेलो. एक वयस्क सहकारी, एरवी सज्जन गृहस्थ, बशीत चहा ओतीत म्हणाले, "काय हो, त्या मुलीसाठी तुमचा भारीच खटाटोप चाललाय! बी. ए. झाली की लग्न होऊन जाईल. भाकऱ्या थापायला काय ऐकू यावं लागतं?" दोघे-तिघे हसले. मला वाईट वाटले. पण वडील माणूस, रोजचा सहवास. मी "बघू या" असे काहीसे म्हणून कप तोंडाला लावला.

पुढच्या तासाला ती टेबलाशी आली आणि माझ्या सदऱ्याकडे बोट केले. माईकवरचा हिरवा दिवा लागलेला होता. स्टाफरूम वर्गाला लागूनच आहे.

"किती ऐकलंस?" मी विचारले.

"कपबशा. सरांचं सगळं. अन् तुमी 'बघू या' म्हणाले ते." जरा थांबून ती म्हणाली, "एकदम साफ ऐकू आलं सर. एक अक्षर सुटलं नाही."

ती जागेवर जाऊन बसली आणि वहीत तारीख घातली. मी शिकवायला सुरुवात केली, पण काय शिकवले ते मला आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी पुन्हा त्याच गृहस्थांच्या समोर जाऊन बसलो, आणि आदल्या दिवशी बोलायचे राहिलेले बोललो. ते नाराज झाले, अजूनही थोडे आहेत. माईक मात्र त्या वेळी मी मुद्दामच चालू ठेवला होता.